पेन्सिल चालत नाही

काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने माझा फॉर्म दोन बोटांनी उचलला, उजेडात धरला आणि होता तसा माझ्याकडे परत सरकवला.

"पेन्सिल चालत नाही," तो म्हणाला. "पेनाने भरा आणि परत रांगेत या."

विमानतळ परका, देश परका, आणि मला तिथे राहायचंही नव्हतं. एका विमानातून उतरायचं, बसने दुसऱ्या इमारतीत जायचं आणि पुढचं विमान पकडायचं, एवढंच माझं काम. पण दोन इमारतींच्या मधे रस्ता होता, आणि रस्ता म्हणजे त्यांचा देश, आणि देशात पाऊल टाकायचं तर फॉर्म. पुढचं विमान पन्नास मिनिटांत सुटणार होतं.

मी पर्स उघडली. तीन पेन्सिली, शार्पनर, खोडरबर, कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी. पेन नाही. असणार कुठून? मी एका ग्रंथालयाच्या दुरुस्ती खोलीत जुने फाटके कागद सांधते. आमच्या खोलीत पेन न्यायला सक्त बंदी. दाराशी टोपली ठेवलेली असते, तिच्यात पेन टाकायचं आणि मगच आत यायचं. शाईचा एक ठिपका पडला की दोनशे वर्षांच्या पानाची वाट लागते. नऊ वर्षं हेच केल्यावर पेन नावाची वस्तू माझ्या आयुष्यातून निघूनच गेली होती.

"कपाळ माझं," मी पुटपुटले. "आता पेन कुठून आणू?"

"माझ्याकडे असतं तर मी कशाला मागे आलो असतो?"

उत्तर शेजारून आलं, आणि चक्क मराठीत. मी वळून पाहिलं. उंच माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात परत आलेला फॉर्म. शर्टाच्या खिशात चार पेन्सिली, प्रत्येकीच्या टोकाला कागदाची टोपी. असल्या टोप्या जगात फक्त आमचेच लोक घालतात.

"कागदवाले?" मी विचारलं.

"कागदवाले," तो म्हणाला. "परिषदेला?"

"परिषदेलाच."

मग आम्ही दोघं त्या भल्यामोठ्या दालनात पेनाची भीक मागत फिरलो. कुणाकडे नव्हतं, सगळ्यांनी फॉर्म फोनवर भरले होते. शेवटी एका बाकावर शब्दकोडं सोडवत बसलेल्या आजीबाई सापडल्या. त्यांनी आम्हाला हाताने थांबवलं, आडवा शब्द भरला, उभा शब्द भरला, आमच्याकडे चष्म्यावरून नीट पाहिलं आणि मग पेन दिलं. फॉर्म आधी मी भरला. तो खांद्यावरून बघत होता.

"अक्षर सुरेख आहे तुमचं."

"घाईत आहे. घाईत नसते तेव्हा याहून सुरेख असतं."

तो हसला. हसला की त्याचा चष्मा कपाळावरून आपोआप नाकावर येत असे. हे मी पहिल्या पाच मिनिटांतच टिपलं, खोटं कशाला बोलू.

रांग संपली, बस मिळाली, आम्ही पळालो. विमान सुटायला बारा मिनिटं उरली असताना सामान तपासणीच्या पट्ट्यावर माझी पेटी अडली. तपासणीवाल्या बाईंनी झाकण उघडलं आणि काचेची बाटली वर काढली. आत पांढरी भुकटी.

"हे काय आहे?"

"खळ," मी म्हणाले. मग तिच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. गव्हाचा स्टार्च. पाण्यात शिजवायचा. कागद चिकटवायचा. तिचा चेहरा काही बदलेना. "हवं तर इथे शिजवून दाखवते," मी शेवटी म्हणाले.

तो पुढे गेला होता. बूट घालून झाले होते त्याचे, दार समोर दिसत होतं. त्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि परत येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

"खरंच गव्हाचीच आहे," त्याने त्या बाईंना सांगितलं. "मी ओळखतो यांना."

"किती वर्षांपासून?" तिने विचारलं.

त्याने घड्याळ पाहिलं. "चाळीस मिनिटं."

बाटली तपासायला पाठवली गेली. तिच्याबरोबर माझी अख्खी पेटी, नमुन्याच्या पानांसकट. आणि विमान आमच्या डोळ्यांदेखत निघून गेलं. माझी मोठी बॅग त्याच विमानात होती, म्हणजे ती वेळेवर पोचणार होती. आमच्या घरात वेळ पाळणारं कुणीतरी आहे म्हणायचं.

विमान कंपनीच्या काउंटरवर कळलं की संध्याकाळच्या विमानात एकच जागा आहे. दुसरी थेट उद्या सकाळी. पेटीचा निकालही उद्या सकाळीच.

"तुम्ही जा," तो लगेच म्हणाला.

"थांबा. तुमचं भाषण किती वाजता?"

"उद्या दुपारी दोनला."

"माझं साडेनऊला. मग मी जाते. तुम्ही माझ्यासाठी त्याग वगैरे करताय असं समजू नका, हा साधा हिशोब आहे."

"मी कुठे काय म्हणालो?"

"चेहऱ्यावर दिसत होतं."

आमच्याकडे सहा तास होते. खिडकीजवळचं एक टेबल आम्ही धरलं. मी आईला फोन केला.

"विमान चुकलं, आई. काळजी करू नकोस. संध्याकाळी दुसरं आहे."

"एकटीच आहेस?"

"नाही. आमच्याच धंद्यातले एकजण भेटलेत. त्यांचंही चुकलं."

"लग्न झालंय?"

"आई, विमान चुकलंय माझं."

"ते कळलं गं. त्याचं लग्न झालंय का?"

समोरचा माणूस कॉफीच्या कपाकडे बघत बसला होता. कान मात्र लाल झाले होते. मी फोन ठेवल्यावर तो कपालाच उद्देशून म्हणाला, "नाही झालेलं."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि विचारलं, "भाषण कशावर आहे?"

त्याने सांगितलं आणि माझी कॉफी घशात अडकली. तो एका न्यायालयाच्या नोंदणी कचेरीत काम करतो. पुराचं पाणी शिरलं आणि त्यांच्या चाळीस हजार फायली भिजल्या. त्याने आणि त्याच्या चार सहकाऱ्यांनी पातळ पारदर्शक फिल्म गरम इस्त्रीने चिकटवून त्या वाचवायची पद्धत बसवली. फिल्म. इस्त्री. आमच्या खोलीत हे शब्द शिव्यांसारखे वापरले जातात.

"तुम्ही फिल्मवाले," मी म्हणाले.

"आणि तुम्ही खळवाल्या बाई. भुकटी बघितली तेव्हाच कळलं."

"आपल्या धंद्याचा एकच नियम आहे. आपण जे जोडू ते पुढच्याला सोडवता आलं पाहिजे. खळ पाण्याने सुटते. तुमची फिल्म?"

"स्पिरिटने सुटते."

"आज सुटते. पंचवीस वर्षांनी?"

त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "तुमच्या एका पानाला किती वेळ लागतो?"

"एक दिवस."

"माझ्याकडे चाळीस हजार फायली होत्या. कुणाच्या घराचा कागद, कुणाच्या वारसाचा. लोक दारात येऊन उभे राहायचे. बुरशी तुमच्या नियमासाठी थांबत नाही हो."

आम्ही भांडलो. अगदी मनापासून, दोन तास. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब उठून लांब जाऊन बसलं. मजा म्हणजे तो आवाज चढवत नसे. मी मुद्दा मांडला की "हं" म्हणून खिशातली पेन्सिल काढायचा, आपल्या भाषणाच्या कागदांवर बारीक काहीतरी टिपायचा आणि मग पुढचा वार करायचा. इतकं लक्ष देऊन माझ्याशी आजवर कुणी भांडलं नव्हतं.

आणि भांडण नुसतं तोंडाचं नव्हतं. परिषदेची समिती उद्या संध्याकाळी एक पद्धत निवडणार होती. पुढच्या वर्षी तिचं तीन आठवड्यांचं प्रशिक्षण, ठिकठिकाणच्या माणसांसाठी. मी जी पद्धत मांडणार होते ती माझी नाही, आमच्या बाईंची. बाईंनी मला हे काम शिकवलं. एकतीस वर्षं त्या त्याच खोलीत खळ मुरवत बसल्या, आणि निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांना एक घड्याळ मिळालं, तेही बंद पडलेलं. मला बाईंची पद्धत निवडून आणायची होती. त्यासाठीच मी निघाले होते, आणि हे मी त्याला सरळ सांगून टाकलं.

"म्हणजे आपण प्रतिस्पर्धी," तो म्हणाला.

"अर्थात."

"बरं झालं आधी ओळख झाली."

मग मला एक आठवलं. "तुम्ही पळाला असतात तर मघाचं विमान मिळालं असतं तुम्हाला."

"मिळालं असतं."

"मग?"

"तुम्ही तिला म्हणालात, हवं तर शिजवून दाखवते," तो म्हणाला. "ते ऐकल्यावर कोण जाईल सोडून...?"

चष्मा नाकावर आला. मी उगाचच खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर एक माणूस उभ्या विमानात बॅगा चढवत होता, आणि असं काम जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघतेय अशी मी बघत राहिले.

निघायची वेळ झाली तेव्हा त्याने भाषणाचे कागद माझ्या हातात दिले.

"उद्या साडेबारापर्यंत पोचेन मी. तुमची पेटीही घेऊन येईन. पण आजचा दिवस बघता... मी नाही पोचलो तर हे वाचाल?"

"मी? वैऱ्याच्या हातात तलवार देताय तुम्ही."

"तुम्ही नीट वाचाल," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि मला त्याचा रागच आला. इतका विश्वास माणसाने चाळीस मिनिटांच्या ओळखीवर टाकू नये. एव्हाना सात तास झाले होते, तरीही.

*

साडेनऊला मी उभी राहिले. पेटी नाही, नमुने नाहीत. मी परिषदेचीच कार्यक्रमपत्रिका सगळ्यांसमोर फाडली आणि ती बाईंनी कशी सांधली असती ते नुसत्या हातांनी दाखवलं. लोक पुढे वाकून बघत होते. बोलायचं मला कधी भय नव्हतंच. शेवटी पडद्यावर बाईंचं पूर्ण नाव आलं, ते मी मुद्दाम मिनिटभर ठेवलं. टाळ्या चांगल्या झाल्या. खाली बसताना मला खात्री होती की आपलं जमलं.

एक चाळीसला फोन वाजला. त्याचा निरोप होता. "धुकं होतं. विमान दुसऱ्याच गावात उतरवलं. बसने येतोय, पेटी मांडीवर आहे. वाचा प्लीज."

मी तो परिषदेच्या अध्यक्षबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, तुम्ही वाचणार असाल तर वाचा, नाहीतर त्यांचं नाव वगळू. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. वगळू देत, असं आलं. मी काहीच करायची गरज नव्हती, नुसतं गप्प बसायचं होतं. बाईंचं बंद घड्याळ डोळ्यांपुढे आलं. आणि मग पाठोपाठ तो आला, बूट घालून झालेले, दाराकडे एकदा बघून परत वळणारा.

"वाचते," मी म्हणाले.

सगळं पेन्सिलने लिहिलेलं, स्वच्छ, सरळ. पहिलं पान वाचलं. दुसऱ्या पानावर समासात बारीक अक्षरात टिपण होतं, कालचं: "इथे ती भांडेल. थांबायचं." मी थांबले. लोकांना वाटलं, मी पाण्यासाठी थांबलेय. तिसऱ्या पानावर: "तिचं म्हणणं बरोबर आहे. पंचवीस वर्षांचं मला माहीत नाही. सांगून टाकायचं." मी तेही वाचलं, मोठ्याने, कारण सांगून टाकायचं असंच लिहिलं होतं. चौथ्या पानावर ती दारात उभी राहणारी माणसं होती. एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन आपल्या फाईलचा नंबर विचारायचे आणि ती सापडल्यावर नुसती हातात धरून बसायचे. ते सपाट आवाजात वाचून उडवून देता आलं असतं. मी तसं केलं नाही. खरं सांगायचं तर मला जमलंच नाही.

शेवटच्या पानाच्या तळाशी समासात अजून एक ओळ होती. मी तोंड उघडलं आणि वेळीच मिटलं.

"हे मोठ्याने वाचू नये. खळवाल्या बाई मला फार आवडल्या आहेत."

मी कागद उलटा घातला. कान गरम झाले होते. माझ्या बाबतीत असं सहसा होत नाही.

प्रश्न सुरू झाले. मागून कुणीतरी विचारलं, "तुम्ही सकाळी खळीची बाजू मांडलीत. तुम्ही स्वतः ही फिल्म वापराल?"

त्याच वेळी मागचं दार उघडलं. तो आत आला, केस विस्कटलेले, शर्ट चुरगळलेला, छातीशी माझी पेटी धरलेली. तो दाराशीच उभा राहिला.

"माझ्या खोलीत नाही वापरणार," मी म्हणाले. "पण माझ्या दारात चाळीस हजार भिजलेल्या फायली आल्या असत्या, आणि त्यांच्यामागे माणसं उभी असती, तर वापरली असती. आणि ज्यांना आपल्याला काय माहीत नाही तेही सांगता येतं, त्यांच्यावर विश्वास ठेवला असता."

हे मी समितीला सांगत होते की त्याला, देव जाणे.

संध्याकाळी पाच वाजता निकाल लागला. फिल्म निवडली गेली.

मला रडू आलं. बाहेरच्या व्हरांड्यात एका खांबाआड जाऊन मी नीट रडले, मग बाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं, वाचल्याचंसुद्धा.

"नीट वाचलंस ना?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग रडतेस कशाला? अर्धवट काम केलं असतंस तर कान पिळला असता." मग त्या म्हणाल्या, "पडद्यावर नाव किती वेळ होतं म्हणालीस?"

"मिनिटभर."

"बरंच की."

फोन ठेवला तर तो समोर उभा. एका हातात माझी पेटी, दुसऱ्या हातात एक फॉर्म.

"तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं वाचलंत," तो म्हणाला. "मी वाचलं असतं तर कुणी निवडलं नसतं."

"माहीत आहे. म्हणूनच रडतेय. आता मागे वगैरे घेऊ नका, खबरदार."

"नाही घेत. आणखी चौघांचे कष्ट आहेत त्यात." त्याने फॉर्म पुढे केला. "पण यात सहशिक्षकाची जागा रिकामी आहे, आणि ती भरायची मला मुभा आहे. तीन आठवडे. पहिला फिल्मचा. उरलेले दोन खळीचे, बाईंच्या नावाने. अध्यक्षबाईंना विचारून आलोय. त्या म्हणाल्या, सकाळच्या त्या बाई येणार असतील तर आनंदच आहे."

"माझी समजूत काढताय?"

"नाही हो. फिल्मची सवय लागलेला माणूस सुट्ट्या कागदाला हात लावायला विसरतो. मीही विसरत चाललोय. मला कुणीतरी भांडणारं पाहिजे."

मी डोळे पुसले, फॉर्म घेतला आणि पर्सकडे हात नेला. तो गालातल्या गालात हसला आणि खिशातून पेन काढलं. नवंकोरं, किमतीची चिठ्ठीही तशीच. सकाळी विमानतळावर घेतलं होतं म्हणे. मी माझं नाव लिहिलं, घाई नसताना लिहिते तसं. खालच्या ओळीत बाईंचंही लिहिलं.

मग मी त्याच्या भाषणाचं शेवटचं पान काढलं. तळाची ओळ वर येईल असं धरलं, दोन बोटांनी उचललं, उजेडात पाहिलं, आणि त्याच्याकडे परत सरकवलं.

"हे काय?" त्याचा चेहरा उतरला.

"पेन्सिल चालत नाही," मी म्हणाले. "पेनाने भरा."

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. मग चष्मा नाकावर आला. व्हरांड्याच्या कठड्यावर कागद ठेवून, एकेक अक्षर गिरवत, त्याने ती ओळ शाईने लिहिली. "आवडल्या आहेत"चं मात्र त्याने "आवडली आहेस" केलं, आणि "खळवाल्या बाई" हे शब्द खोडून वर लिहिलं, "तू".

"पुसता येणार नाही हं आता," तो म्हणाला.

"पुसायचंय कुणाला?" मी म्हणाले. "दे ते पेन इकडे."

त्याच्या ओळीखाली मी लिहिलं, "मलाही." आणि सही केली. मग आईला फोन लावला आणि नुसतं एवढंच सांगितलं की त्याचं लग्न अजून झालेलं नाही.